मरळीचं डोकं

बसा की वाईच त्या पाटीवर, कोरडी हाय.
मरळ आंकलीच्या पुलाखालची, आत्ताच आलीया,
अजून शेपूट हलवतीया. भिऊ नगा.
तुमच्या सरांनी चिठ्ठी दिलीया न्हवं?
"हौसाबाई मल्लाव, डोकं अख्खं ठेवा,
बाकीचं तुम्ही घ्या."
दर साली देत्यात.
मी दर साली बाकीचं घेते.

तवर ह्यो शिंगाळा बगा.
ह्या मिशा बापयागत पीळ द्यायला न्हाईत.
गाळात डोळं काय कामाचं?
ह्यो मिशीनं चाखतो. तोंड उघडायच्या आदी
चव कळलेली असती.
माझ्या सासूला बी कळायची,
चुलीपासनं दोन घरं लांबनं.

ही रोहू. कल्ल्यापासनं शेपटापातूर बोट फिरवा.
लागली? बारीक भोकांची वळ,
शिलाई मशिनीनं टीप मारल्यागत.
पाणी जरा हाललं की हितं कळतं.
जाळं पडायच्या आदी
होडीत कोण खोकलं तरी कळतं.
आन् पोटात ह्यो पांढरा फुगा,
म्हणून ती बुडत न्हाई, तरंगत न्हाई,
पायजे तितक्याच खोल ऱ्हाती.
फुग्यापासनं कानापातूर हाडांची साखळी,
तिळाएवढी हाडं. मला कोण सांगिटलं?
तुमच्याच सरांनी. मी निस्ती दावली हुती.
त्या साखळीनं हरिपुरातला ढोल
हिला संगमात ऐकू जातो.

कानातला खडा पायजे? थांबा, चिमटा द्या.
हं. ह्यो घासून भिंगाखाली धरा,
वर्साला एक कडं.
एकादं दाटून आलेलं असतं,
त्या साली नदीनं उपास काढलेला.

आता मरळ.
झाकण उचलते. हे कल्लं,
कल्लं तर सगळ्यास्नीच असत्यात.
त्येच्या वर बगा, आत, डोस्क्याच्या कडंला:
लाल, मऊ, चुण्या चुण्या,
वलं फडकं पिळून कोंबल्यागत.
ही तिची खोली.
हितं ती वारं ठेवती.

ज्या साली मळीचं काळं पाणी आलं
त्या साली रोहू, कटला, वाम, समदी
तोंडं वर करून घाटाच्या पायरीला लागली.
मी कापून बगितली. कल्लं चांगलं, लालभडक,
काय सुदीक बिघडलं न्हवतं.
मरळ तेवढी वर यायची,
एक घोट वारं घ्यायची आन् खाली जायची.
माणसं म्हणायची, हिच्यात भूत हाय.

आमच्या मालकास्नी पाण्याचं भ्याव न्हवतं.
भोयाचं पोर, पुराच्या पाण्यात उलटं पवायचं.
गेलं ते कोरड्यात.
हळदीचं पेव उघडलं हुतं, ह्ये पोती भराया उतरलं.
कंदील सोडला हुता म्हणं आदी.
कोण म्हणतं जळत हुता,
कोण म्हणतं विझला, पर दोर वडायच्या घाईत
बगितलंच न्हाई कुणी.
वीस हात खाली निस्ती हळद. वारं न्हाई.
वर काढलं तवा नखं पिवळी, व्हट निळं.
डाक्टर म्हणला, फुप्फुसं चांगली हुती.
चांगलीच हुती.

ह्ये लिवून घ्या, सर विचारत्यात:
मरळ जिती ठेवायची तर
भांडं काठापातूर भरून झाकण लावू नगा.
वर वारं घ्याला जागा न्हाई दिली
तर पाण्यात बुडून मरती मरळ.
व्हय, मासळीच. बुडून.

घ्या डोकं. दोन पिशव्यांत घातलंय, गळंल न्हाईतर.
पैसं? डोक्याचं मी घेत न्हाई.
जुनं भिंग असलं कालिजात, तर पुढच्या येळंला आणा.
घरात तंबाखूच्या डबीत खडं हायेत माझ्याकडं,
लई सालांचं.
त्यातलं एक कडं मला हुडकायचंय.